खरवसात चीक आढळला

गिरजाबाईच्या हाताला गुण होता, आणि तो माणसांपेक्षा जनावरांना जास्त ठाऊक होता. पेण तालुक्यात कुणाची म्हैस अडली, कुणाच्या गाईच्या पोटात वासरू आडवं आलं, की घरधनी आधी गिरजाबाईला निरोप धाडी आणि मग जनावरांच्या डॉक्टरला फोन लावी. डॉक्टर येईपर्यंत रेडकू लटपटत उभं राहिलेलं असे आणि डॉक्टरसाहेब चहा पिऊन परत जात. जोह्याजवळच्या आपल्या वाडीतून ती कधी पायी, कधी एसटीनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून नागोठण्यापर्यंत आणि रोह्यापर्यंत जाई. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, जीभ मात्र अजून विशीतलीच होती.

या कामाचे पैसे ती घेत नसे. तशी रीतच नव्हती. व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या धारा रेडकाच्या, दुसऱ्या वेळचा चीक घरचा आणि आळीत वाटायचा, आणि तिसऱ्या वेळचा चीक म्हैस सोडवणाऱ्या बाईचा. चीक कुणी विकत नसे, विकत मागतही नसे. तो द्यायचा, आणि देताना समोरच्याचा हात बघायचा. खोट्या हाताच्या माणसाकडे चीक गेला तर म्हैस आटते, यावर त्या भागात कुणाचं दुमत नव्हतं. त्यामुळे तिसऱ्या वेळचा चीक कळशीत पडला की गिरजाबाईची मान जरा ताठ होई. तिच्याकडे शेत नव्हतं, नवरा नव्हता, होतं ते एवढंच.

त्या चिकाचा ती खरवस करी. गूळ, वेलची, जायफळ आणि वाफ, आणखी काही नाही. मग डबा घेऊन रामवाडीला एसटी डेपोच्या बाहेर बसे. तेही रोज नाही. म्हैस व्याली तर खरवस, नाहीतर रिकामी जागा. कुणी मुंबईचा प्रवासी "उद्या मिळेल का?" असं विचारी, तेव्हा ती म्हणे, "म्हशीला इचार."

नवा अन्नसुरक्षा कायदा लागू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारला एकाएकी दुधाची काळजी वाटू लागली. 'शुद्ध दुग्धपदार्थ पंधरवडा' जाहीर झाला. प्रत्येक अधिकाऱ्यानं अमुक इतके नमुने घ्यावेत असा वरून हुकूम आला. त्यातले काही भेसळीचे निघालेच पाहिजेत असं कुठे लिहिलं नव्हतं. पण ज्याला एकही भेसळ सापडत नाही तो अधिकारी वरच्यांना कामचुकार वाटतो, हे न लिहिताही सगळ्यांना कळत होतं.

पेण आणि रोहा असे दोन तालुके ज्याच्या गळ्यात पडले होते तो अधिकारी म्हणजे दिनानाथ मोकल. तिशीतला, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा. पंधरवड्याच्या अकराव्या दिवशी तो गिरजाबाईसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, खरवस द्या. किलोभर."

किलोभर मागणारं गिऱ्हाईक गिरजाबाईला वर्षातून एखादंच भेटे. तिनं हौसेनं सगळा डबाच त्याच्यापुढे केला. मग त्यानं पिशवीतून चार बरण्या काढल्या, लाखेची कांडी काढली, दोरा काढला, गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या बाहेर घेतलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की हा खायला आलेला नाही.

"ह्याच्यावर लेबल कुठंय?" दिनानाथनं विचारलं.

"कसलं?"

"आत काय आहे ते लिहिलेलं."

"झाकन काढून बघ की बाबा. आत काय हाय ते आतच हाय."

दिनानाथनं 'लेबल नाही' असं लिहिलं. खरवसाचे चार सारखे भाग झाले, बरण्यांत गेले, वर लाख पडली, लाखेवर शिक्का पडला. देवाच्या मूर्तीची प्रतिष्ठा करावी तसा सगळा विधी चालला होता. साक्षीदार हवा होता. जोह्याचा विठू गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवत असे. तो बस चुकल्यामुळे तिथेच वडी खात उभा होता. त्यानं रंगानं माखलेल्या बोटांनी सही केली आणि उरलेली वडी तोंडात टाकली.

महिन्यानं अहवाल आला. गिरजाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून विठूनं वाचून दाखवला. 'सदर नमुन्यात चीक आढळून आला. दूध व दुग्धजन्य पदार्थ चिकापासून मुक्त असणे आवश्यक असल्याने नमुना भेसळयुक्त.'

"पुन्ना वाच," गिरजाबाई म्हणाली.

विठूनं पुन्हा वाचलं. खरवसात चीक सापडला म्हणून गुन्हा, हे ऐकून हसावं की रडावं ते दोघांनाही कळेना.

त्याच पंधरवड्यात नागोठण्याच्या हैबतरावांच्या खरवसाचा नमुनाही तपासला गेला होता. हैबतरावांचा आधी बर्फाचा कारखाना होता, मग आइस्क्रीमचा, आणि आता ते 'पारंपरिक कोकणी खरवस' डब्यांतून विकत होते. जन्मात त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवलेला नव्हता. पण डबा बघावा तर हैबतरावांचाच. हिरवा ठिपका होता, परवाना क्रमांक होता, तयार केल्याची तारीख, खाऊन संपवायची तारीख, तक्रारीसाठीचा फोन, सगळं होतं. डब्यावर सगळं होतं, डब्यात खरवस तेवढा नव्हता. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं, 'चीक आढळून आला नाही. नमुना प्रमाणित.'

वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बातमी झळकली. 'रामवाडीत खरवसात भेसळ, महिलेवर कारवाई.' भेसळ कसली हे लिहायला जागा पुरली नव्हती. शेजारी दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती, तिला मात्र पुरली होती.

गिरजाबाईला सरकारची भीती वाटली नाही. सरकार काय, आज आलं, उद्या गेलं. तिला घोर लागला तो घरांचा. आठ दिवसांत तिच्या ते ध्यानात आलं. निरोप येईनासे झाले. शेजारच्या वाडीतल्या कृष्णाबाईची गाय आज-उद्या व्यायची होती. जिच्या गाई-म्हशींची सात बाळंतपणं गिरजाबाईनं केली, ती कृष्णाबाई. वाटेनं जाताना गिरजाबाईला गोठ्यातून गाईचं हंबरणं ऐकू आलं आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

कृष्णाबाई दारातच उभी राहिली. "नको गो," ती म्हणाली. "झाली मोकळी. समदं बरं हाय."

"चीक?"

कृष्णाबाईनं पदर सारखा केला. "वासराला पाजला समदा. अशक्त हाय वासरू."

मागे वासरू चांगलं उड्या मारत होतं. जिची जीभ एसटीच्या कंडक्टरला ऐकत नसे, ती गिरजाबाई त्या दारातून तशीच मागे फिरली. ती घरी आली आणि रिकामी कळशी घासत बसली. कळशी स्वच्छच होती, तरी घासत राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. इतकी वर्षं शेणामुतात कोपरापर्यंत हात घालून मिळवलेलं नाव एका कागदानं पुसलं होतं, आणि तो कागद तिला वाचताही येत नव्हता.

सुनावणीच्या दिवशी ती विठूला सोबत घेऊन कचेरीत गेली. मोठे साहेब टेबलामागे होते, दिनानाथ बाजूला फाइल धरून उभा होता.

"गिरजाबाई, नियम स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. "दुधाच्या पदार्थात चीक असता कामा नये. तुमच्या नमुन्यात आढळला."

"आढळनारच. मीच घातलाय."

साहेब खूश झाले. आरोपी इतक्या लवकर कबूल होत नाहीत. "म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"अवो, चिकाशिवाय खरवस व्हईल कसा?"

"होतो. व्यवस्थित होतो." साहेबांनी खणातून हैबतरावांचा डबा काढून टेबलावर ठेवला. "हा बघा. यात चीक अजिबात नाही."

गिरजाबाईनं बोटभर उचलून जिभेवर ठेवलं. जनावर बघते तशी ती शांतपणे, डोळे बारीक करून चव बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यात काय काय हाय?"

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "दूध पावडर, साखर, मक्याचं पीठ, चायना ग्रास, खरवसाचा कृत्रिम स्वाद."

"खरवसाचा स्वाद कशापायी?"

"खरवसासारखं लागावं म्हणून."

"म्हंजे ह्यो खरवस नाय."

"डब्यावर खरवस लिहिलंय ना!" साहेब जरा चिडून म्हणाले. "आणि जे लिहिलंय तेवढंच आत आहे. कायद्याला तेवढं पुरतं. तुमचं उलटं आहे. आत सगळं आहे, बाहेर काही लिहिलेलं नाही."

विठूला खोकल्याची उबळ आली. दिनानाथ खिडकीबाहेर बघू लागला.

"साहेब," गिरजाबाई हात जोडून म्हणाली, "दंड काय तो करा. पन तेवढा एक शब्द खोडा. भेसळ. मी कदी थेंबभर पानी घातलं नाय. चीक हाय असं लिवा, शंभरदा लिवा. भेसळ लिवू नका. त्या शब्दानं माजी घरं तुटली."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवून दाखवला. "हे बघा, छापील आहे. दोनच चौकटी आहेत. प्रमाणित आणि भेसळयुक्त. कुठल्यातरी एकीत खूण करावीच लागते."

"मग तिसरी आखा."

"तिसरी आखायचा अधिकार दिल्लीला आहे."

आदेश निघाला. गिरजाबाईनं एका महिन्याच्या आत खरवसातून चीक पूर्णपणे वगळावा, डब्यावर लेबल लावावं, आणि पूर्ततेची तपासणी होईपर्यंत विक्री बंद ठेवावी. विठूनं तो वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या भाकरीतनं पीठ काढायला सांगतील."

तिकडे हैबतरावांना आनंद मावेना. सरकारनं शुद्धतेची मोहोर उठवलेली, आणि स्पर्धा म्हणायची तर एक म्हातारी, तीही बंद पडलेली. त्यांनी रामवाडीला हमरस्त्यावर, बसमधून सगळ्यांना दिसेल अशी मोठी पाटी लावायचं ठरवलं. गणपतीचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता आणि जोह्याचे रंगारी मोकळे होते. पाटी विठूकडे आली.

हैबतरावांनी अहवालाची प्रतच त्याच्या हातात दिली. "यात आहे ते लिही. मोठ्या अक्षरात."

विठूनं कागद वाचला. मग हैबतरावांच्या तोंडाकडे बघितलं. "शेठ, हेच लिवायचं ना? पुन्ना एकदा बघता काय?"

"शब्दाचा फरक करू नकोस! लेबलिंगचा कायदा आहे. आपल्या मनाचं काही लिहिलंस तर मला नोटीस येईल."

"नाय नाय," विठू म्हणाला. "आपल्या मनाचं कशाला."

विठूनं जीव ओतून काम केलं. गणपतीच्या सोंडेला देतो तसा अक्षरांना बाक दिला, लाल रंगावर पिवळी कड ओढली, कोपऱ्यात हसरी म्हैस काढली. तिसऱ्या दिवशी रामवाडीत पाटी उभी राहिली.

'हैबतराव फूड्सचा पारंपरिक खरवस. सरकारी तपासणीत सिद्ध! आमच्या खरवसात चीक आढळून आला नाही.'

पहिली बस डेपोतून बाहेर पडली ती पाटीसमोर थांबली. ड्रायव्हरनं वाचलं, कंडक्टरला दाखवलं, कंडक्टरनं मोठ्यानं वाचून सगळ्या बसला ऐकवलं. अख्खी बस हसत हसत अलिबागला गेली. दुपारपर्यंत पेणच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. चिकाविना खरवस! ज्या बायांनी आयुष्यात वर्तमानपत्र हातात धरलं नव्हतं, त्यांना लेकीसुनांनी पाटी वाचून दाखवली. आणि मग विठू डेपोबाहेर उभा राहून गिरजाबाईचा अहवाल वाचू लागला, कुणी मागो न मागो. 'सदर नमुन्यात चीक आढळून आला.' म्हणजे भेसळ म्हणतात ती ही! त्या वर्तमानपत्राच्या बातमीत जे लिहायला जागा पुरली नव्हती ते आता सगळ्यांना कळलं.

दुकानदार हैबतरावांचे डबे परत करू लागले. हैबतराव घाम पुसत कचेरीत आले. "साहेब, लोक हसतायत!"

साहेबांनी पाटीचा फोटो अहवालाशी ताडून बघितला. "मजकूर बरोबर आहे," ते म्हणाले. "काना-मात्रेचाही फरक नाही. हसण्याबद्दल नियमांत तरतूद नाही."

पण हसू वेगळं आणि निरोप वेगळा. रामवाडीत लोक गिरजाबाईला हाका मारून "काय मावशी, चीक सापडला काय?" असं विचारत होते, तीही हसत होती, पण घरी कळशी पालथीच होती. ज्या दारांनी तोंड फिरवलं होतं त्यांतलं एकही उघडलं नव्हतं. माणसाला आपली चूक कळायला एक दिवस लागतो, ती कबूल करायला मात्र गरज पडावी लागते.

गरज कृष्णाबाईला पडली. एका दुपारी ती अनवाणीच धावत गिरजाबाईच्या अंगणात आली. तिची म्हैस सकाळपासून अडली होती, डॉक्टर रोह्याला गेले होते.

"म्हस मरंल गो," ती म्हणाली. "चल."

गिरजाबाई उंबऱ्यात बसून होती. "वासराला पाजला ना चीक? मग वासरालाच बोलव म्हस सोडवायला."

कृष्णाबाई तिथेच खाली बसली आणि रडू लागली. "चुकलं माजं. पेपरात आलं म्हून भ्याले. तुला वळखत असून भ्याले."

गिरजाबाईला खूप बोलायचं होतं. सात बाळंतपणं मोजून दाखवायची होती. पण म्हशीनं काही वर्तमानपत्र वाचलेलं नव्हतं. ती उठली, बांगड्या वर सारल्या आणि कृष्णाबाईच्या पुढे चालू लागली. संध्याकाळी उन्हं उतरता उतरता रेडकू बाहेर आलं, आधी पाय आणि मग डोकं, आणि म्हशीनं मान वळवून त्याला चाटलं.

तिसऱ्या वेळची धार काढली तेव्हा कृष्णाबाईनं गिरजाबाईला कळशी घरी नेऊ दिली नाही. "हितंच कर खरवस," ती म्हणाली. "माज्या चुलीवर. समद्यांदेखत." तिनं आळीतल्या बायांना बोलावणं धाडलं. पातेल्यातून वेलचीची वाफ निघू लागली, बाया ओटीवर बसल्या, आणि नेमका त्याच वेळी अंगणात दिनानाथ मोकल येऊन उभा राहिला. महिना पुरा झाला होता. पूर्ततेची तपासणी करायला तो गिरजाबाईच्या घरी गेला होता, तिथून त्याला इकडे पाठवलं होतं.

तो चपलांकडे बघत म्हणाला, "मावशी, विचारावं लागतं. खरवसातून चीक वगळला का?"

"नाय."

त्यानं लिहिलं. "वगळणार आहात?"

"नाय."

तेही लिहिलं. मग पान उलटून तो थांबला. पुढचं वाचताना त्याचा आवाज बारीक झाला. "चीक कुणी दिला त्याचं नाव लिहायचं आहे. पुरवठादार. त्याच्यावरही कारवाई होते."

गिरजाबाईनं पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. "मला दिला नाय कुनी," ती म्हणाली. "मी चोरला. लिव, गिरजाबाईनं चोरला."

"खोटं बोलत्ये ती," कृष्णाबाई उठून पुढे आली. "मी दिला. कृष्णाबाई म्हन. म्हस माजी, चीक माजा, आनि हात बघून दिलाय. लिव."

दिनानाथ लिहू लागला तशी गोदूबाई उठली. "माजंबी लिव. दोन पावसाळ्यांखाली दिलाय." मग ठमाबाई, मग सरू. ज्या दारांनी इतके दिवस तोंड फिरवलं होतं तीच दारं एकेक करून कागदावर येत होती. कुणी दोन म्हशी सांगितल्या, कुणी तीन. फॉर्मवरच्या सहा ओळी केव्हाच संपल्या. दिनानाथनं मागचं पान घेतलं, तेही भरलं, मग पिशवीतून कोरे कागद काढले. गिरजाबाई चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी धुरामुळे आहे असं दाखवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

मग तिलाच चेव आला. "हितं नाय त्यांचीबी लिव," ती म्हणाली. "त्या असत्या तर त्यांनीबी सांगितलं असतं. नागोठन्याची आवडी. जोह्याचा कान्हू. आनि ती रोह्याच्या अलीकडची, आंब्याखाली जिचा गोठा हाय ती. काय बरं नाव... हौसा. हौसा मोकल. तिची म्हस अडलेली तवा मी दोन दिवस राहिलेले तिच्याकडं. मुलगा सरकारात हाय म्हनायची. तिसऱ्या वेळचा समदा चीक दिला तिनं, वर घरचाबी दिला."

दिनानाथचं पेन थांबलं. त्यानं पहिल्यांदाच मान वर करून गिरजाबाईच्या डोळ्यांत बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं खाली वाकून, बाकीच्या सगळ्या नावांपेक्षा सावकाश आणि जास्त नीट अक्षरात, शेवटच्या ओळीत लिहिलं, 'हौसा मोकल.'

"गाव-पत्ता नको काय लिवायला?" कृष्णाबाईनं विचारलं.

"सांगू नका," दिनानाथ म्हणाला. "पत्ता मला माहीत आहे."